आईचे दूध आणि आईची भाकरी

रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या हिरकणी गवळणीची कथा महाराष्ट्रातील मुले शाळेतच ऐकतात. कोजागिरीच्या दिवशी ती गडावर दूध घालावयास गेली, घरोघर फिरता फिरता सांज झाली आणि नियमाप्रमाणे गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल भुकेले असेल, ह्या एकाच विचाराने व्याकूळ होऊन ती अंधारात अवघड कडा उतरून गेली. हे कळल्यावर शिवछत्रपतींनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला व त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे परंपरा सांगते. ह्यात इतिहास किती व दंतकथा किती, हा प्रश्न निराळा. परंतु ह्या कथेतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जी बाई गडावरच्या घरांना दूध पोचवीत होती, तिचेच लेकरू त्या सायंकाळी दुधावाचून राहिले होते. तिच्यापाशी दूध होते, माया होती. नव्हता तो केवळ घराकडे जाण्याचा मोकळा रस्ता.

आईच्या दुधाची थोरवी सांगावयास निघालेला मनुष्य बहुधा आईलाच उपदेश करू लागतो. ती अडाणी आहे, तिला समजत नाही, तिला शिकविले पाहिजे, असा त्याचा सूर असतो. परंतु हा विषय जेथे केवळ चर्चेचा नसून जीवनमरणाचा आहे, अशा मुलखाकडे पाहिले म्हणजे हा उपदेश किती अपुरा आहे ते दिसून येते. तो मुलूख फार लांब नाही. मुंबईहून निघालेला प्रवासी चार-पाच तासांत तेथे पोचतो.

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या उतरणीवर जव्हार व मोखाडा हे दोन तालुके आहेत. जव्हार हे मुकण्यांचे जुने संस्थान. 1948 साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. थंड हवेमुळे त्याला ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. 2014 साली ठाण्यापासून पालघर हा जिल्हा वेगळा झाला व हे दोन्ही तालुके त्यात गेले. येथील वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी ह्या आदिवासी समाजांची. डोंगरउतारावर नागली व वरई, खाचरात भात, हे येथले पीक. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांवरील बायका हंडा घेऊन दरीत पाणी शोधीत उतरतात. ह्याच मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण बांधले असून त्याचे पाणी मुंबईच्या नळांना येते.

ह्या मुलखाचे नाव शहरातील वाचकांच्या कानी प्रथम पडले ते मोठ्या दुःखद कारणाने. 1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणामुळे शंभरावर बालके दगावली. त्यानंतर समित्या आल्या, योजना आल्या, रस्ते झाले, दवाखाने झाले. तरीही 2016 साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी तेच दुःख पुन्हा सर्वांसमोर आणले. अशा बातमीनंतर शहरातून धान्य, बिस्किटे व दुधाच्या भुकटीचे डबे पाठविण्याचा ओघ सुरू होतो. त्यामागील सद्भाव खोटा नव्हे. परंतु जन्मलेल्या बालकाचे पहिले सहा महिने जे अन्न त्याला वाचविते, ते कोणत्याही डब्यात भरून पाठविता येत नाही. ते त्याच्या आईपाशीच असते.

ह्या अन्नाची घटना मोठी विलक्षण आहे. बाळंतपणानंतर पहिले दोनतीन दिवस जे दाट, पिवळसर दूध येते त्याला चीक म्हणतात. ते थोडे असते म्हणून पुष्कळांना ते निरुपयोगी वाटते, आणि रंगाने वेगळे असते म्हणून कित्येक घरांतून ते पिळून टाकून देत. वस्तुतः नवजात बालकाचे जठर पहिल्या दिवशी एका लहान चमच्याएवढे दूध मावेल इतकेच असते. निसर्ग त्याच मापाने वाढतो. त्या थोड्याशा चिकात रोगजंतूंशी लढणारी द्रव्ये व अ जीवनसत्त्व ह्यांचा मोठा साठा असतो, आणि बाळाच्या पोटातील काळा मळ बाहेर पडण्यासही त्याचे साहाय्य होते. मूल जगात येताच त्याला मिळणारी ही पहिली लसच होय. म्हणून जन्मापासून एक तासाच्या आत मूल आईच्या अंगावर लावावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. मधाचे बोट, गुळाचे पाणी, गुटी ह्यांपैकी काहीही त्याआधी देऊ नये. मायेने चाटविलेल्या त्या बोटाबरोबर रोगही पोटात जाऊ शकतो.

पुढे येणाऱ्या दुधात शेकडा सुमारे 88 भाग पाणी असते. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंतच्या बालकाला वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते. चैत्र-वैशाखाच्या उन्हातही नसते. ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते किंवा झऱ्यातून वाटी वाटी भरून आणावे लागते, तेथे ह्या एका गोष्टीचे मोल किती असेल ते सांगावयास नको. बाटलीच्या दुधाला स्वच्छ पाणी पाहिजे, ते उकळावयास सरपण पाहिजे, बाटली प्रत्येक वेळी उकळून घ्यावयास सवड पाहिजे. ह्यांपैकी एक जरी उणे पडले तरी त्या बाटलीतून हगवण मुलाच्या पोटात शिरते. अंगावरचे दूध मात्र ताजे व योग्य तितके कोमट असते, आणि आईच्या आसपास ज्या रोगांचा वावर असतो त्यांच्याशी झुंजणारी द्रव्ये त्यात आपोआप उतरतात. हगवण व न्यूमोनिया हे तान्ह्या मुलांचे दोन मोठे वैरी. त्या दोहोंपासून ते रक्षण करते.

दूध पाजणे हे उपजत कळते असे आपण समजतो. ते निम्मेच खरे आहे. मूल केवळ बोंडशी चोखत राहिले तर त्याला पुरेसे दूध मिळत नाही व आईला जखमा होतात. तोंड मोठे उघडून भोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा भाग मुलाने तोंडात धरला पाहिजे, हनुवटी आईच्या अंगाला टेकली पाहिजे. एका बाजूचे दूध पुरते संपल्यावाचून दुसऱ्या बाजूस घेऊ नये. कारण आरंभीचे दूध पातळ असते व शेवटचे अधिक स्निग्ध, आणि वजन वाढते ते त्या स्निग्ध दुधाने. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा मूल पाजावे लागते. जितके मूल ओढील तितके दूध वाढते. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार पुष्कळदा दुधाच्या उणिवेची नसून पाजण्याच्या पद्धतीची असते. ह्या पद्धतीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणाऱ्या ध्वनिचित्रफिती पवईच्या आय. आय. टी. तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमाने मराठीसह अनेक भाषांत सिद्ध केल्या आहेत.

अशक्त मातेच्या पोटी जन्मणारी मुले पुष्कळदा वजनाने कमी असतात. अशा मुलाला आईच्या उघड्या छातीशी दीर्घकाळ बिलगवून ठेवावे, म्हणजे आईच्या अंगच्या उबेने ते तगते व दूधही लवकर ओढू लागते. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरी 1978 साली, काचपेट्या अपुऱ्या पडत असताना, तेथील डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव मिळाले आणि आता ती जगभर मान्य झाली आहे. तिला यंत्र लागत नाही. आई आणि तिचा वेळ, एवढेच लागते.

हे झाले बालकाचे. आईच्या लाभाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते, जणू दूध पाजणे म्हणजे तिने केवळ द्यावयाचे व मुलाने घ्यावयाचे. तसे नाही. मूल अंगावर ओढू लागले की आईच्या शरीरात एक द्रव्य स्रवते, त्याने गर्भाशय आकुंचन पावतो व बाळंतपणातला रक्तस्राव आटोक्यात येतो. जेथे बहुसंख्य स्त्रिया आधीच रक्ताने उण्या, तेथे वाचलेले रक्त म्हणजे वाचलेला प्राण. दुसरे असे की, मूल सहा महिन्यांच्या आतील असून केवळ अंगावर पीत असेल व आईची पाळी परत आली नसेल, तर त्या काळात पुन्हा दिवस न राहण्याची शक्यता शेकडा 98 इतकी असते. दोन बाळंतपणांत अंतर पडले म्हणजे पहिले मूल व आई दोघेही सावरतात. तिसरी गोष्ट शहरातील भगिनींनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अनेक देशांतील स्त्रियांच्या माहितीचा एकत्र अभ्यास 2002 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, आयुष्यात दूध पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांगणिक स्तनांच्या कर्करोगाचा संभव शेकडा 4.3 ने घटतो. त्याच नियतकालिकातील 2016 सालच्या लेखमालेत असा हिशेब मांडला आहे की, स्तनपान जगभर योग्य प्रमाणात झाले तर दरवर्षी सुमारे 8 लाख 23 हजार बालकांचे व 20 हजार मातांचे मृत्यू टळतील.

इतका लाभ असूनही घडते काय? 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, देशातील शेकडा 88.6 बाळंतपणे दवाखान्यात झाली, परंतु जन्मापासून तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले शेकडा 41.8 च होती. म्हणजे दवाखान्याचा दरवाजा ओलांडून आलेल्या निम्म्याहून अधिक मातांना त्या दरवाजाआड, सुशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली असतानाही, पहिला तास लाभला नाही. तेव्हा अज्ञानाचे सगळे खापर पाड्यावरच्या आजीबाईच्या माथी फोडणे न्यायाचे होणार नाही. उलट, जव्हार-मोखाड्याची आदिवासी माता मुलाला जवळ घेऊन निजते, कामावर जाताना झोळीत घालून बरोबर नेते, आणि ते रडले की चारचौघांत निःसंकोचपणे अंगावर घेते. शहरातल्या सुनेला जे नव्याने शिकवावे लागते, त्यातले पुष्कळ तिच्या अंगवळणी पडलेले आहे.

मग अडते कोठे? अडते ते तिच्या ताटाशी आणि तिच्या कामाशी.

पहिल्या सहा महिन्यांत आई दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध निर्माण करते. हे दूध हवेतून येत नाही. त्यासाठी तिला रोज सुमारे 600 उष्मांकांचे जास्तीचे अन्न लागते. ढोबळ मानाने दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ व मूठभर भुईमुगाचे दाणे, आणि तेही नेहमीच्या जेवणाहून वेगळे. मध्यमवर्गीय घरात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होतात, अळिवाची खीर होते, सव्वा महिना तिला पाण्यात हात घालू देत नाहीत. डोंगरातल्या झोपडीत माया तितकीच असते, पण श्रावण-भाद्रपदात कणगीचा तळ दिसू लागतो. निसर्ग अशा वेळी मुलाचीच बाजू घेतो. आई अर्धपोटी असली तरी दूध सहसा आटत नाही. ते तिच्या अंगच्या साठ्यातून उतरत राहते. म्हणून अशक्त आईनेही मूल पाजावे, हे निर्विवाद आहे. परंतु तिची स्वतःची झीज भरून निघाली नाही, तर पुढचे मूल आणखी अशक्त आईच्या पोटी येते आणि हे चक्र चालूच राहते.

दुसरी अडचण कामाची. कापणी आटोपून दिवाळी सरली की येथील पाडे ओस पडू लागतात. घरातली कर्ती माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. पुष्कळांनी आधीच उचल घेतलेली असते व ती फेडावयाची असते. भट्टीवर नवराबायकोच्या जोडीने विटा थापावयाच्या आणि हजार विटांमागे मजुरी घ्यावयाची, अशी रीत आहे. अशा ठिकाणी आईने चिखलाचे हात धुऊन मूल पाजण्यास बसावे तर तेवढ्या विटा कमी पडतात. मूल मागे पाड्यावर ठेवावे तर ते आजीच्या किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीच्या हाती, पेजेवर राहते. बरोबर न्यावे तर गावच्या अंगणवाडीतले त्याचे नाव, त्याच्या वजनाची नोंद व लसीचे दिवस मागे राहतात. हिरकणीपुढे एका रात्रीचा बंद दरवाजा होता. ह्या आईपुढे तो दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत बंद असतो.

हा दरवाजा उघडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, आणि त्यांतले काही ह्याच जिल्ह्याच्या भूमीत रुजले. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले व 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरिबाचे मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार, आणि त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. 1975 साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना आरंभिली तेव्हा तो शब्द देशभर गेला. महाराष्ट्र सरकारने 2015 साली आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम व चौरस जेवण द्यावे. भाकरी वा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडे व शेंगदाण्याचा लाडू त्यात असावा, असे तिचे स्वरूप ठरले. मुलाचे दूध आईच्या ताटात शिजते, हे ओळखून आखलेली ही योजना आहे, हे तिचे मर्म होय. ती जेथे नेमाने व पुरेशी चालते तेथे तिची किंमत फार मोठी आहे. आणि जेथे पैसे उशिरा पोचतात वा चूल थंड राहते, तेथे उपाशी राहते ती आधी आई व मागून मूल.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले. 39 गावांतील त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू शेकडा 62 ने घटले, हे 1999 साली जगासमोर आले. 2011 पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांवर तसेच काम सोपविण्यात आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जाऊन मूल नीट पिते की नाही ते पाहावयाचे असते. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातून घरी परतलेल्या बाळंतिणीच्या दारी, चिखल तुडवीत येणारी ही बाई म्हणजे दवाखान्याचा लांबवर पोचलेला हातच होय.

आईच्या कामाचा प्रश्न मात्र अजून तसा सुटलेला नाही. मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा 1929 साली झाला. त्याच्या विधेयकाला 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदे कौन्सिलात पाठिंबा दिला होता. पुढे 1961 साली देशव्यापी कायदा झाला आणि 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. सहा महिने केवळ अंगावरचे दूध, हे वैद्यकशास्त्राचे सांगणे व हे 26 आठवडे ह्यांचा मेळ बसतो. परंतु तो मेळ कचेरीतल्या पगारदार बाईपुरता. वीट थापणारीला ना रजा, ना पाळणाघर. भट्टीच्या एका कोपऱ्यात सावलीची जागा, मूल राखणारी एक बाई आणि दिवसातून चार वेळा पाजण्याची सवड, एवढी सोय भट्टीमालकाला अशक्य आहे काय? तिचा खर्च विटेमागे वाटला तर तो जाणवणारही नाही.

आणि विटा तरी कोणासाठी? ज्या घरांतून हे भाषण ऐकले जात आहे, त्यांच्या भिंतींतल्या कित्येक विटा अशाच एखाद्या लेकुरवाळीने थापलेल्या असतील. मोखाड्याच्या दरीतले पाणी ज्यांच्या नळाला येते, त्यांनी ह्या आईला परके मानू नये. शहरातल्या गृहिणीला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. घरी धुण्याभांड्याला येणारी बाई लेकुरवाळी असेल तर तिला पगार न कापता मूल पाजण्याची सवड द्यावी. घर बांधणाऱ्या गृहस्थाने कंत्राटदाराला, मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी सावली व पाळणा आहे का, असे विचारावे. घरात सून बाळंत झाली तर तिला पहिल्या तासात मूल अंगावर मिळावे असा आग्रह दवाखान्यात धरावा. दुधाच्या डब्यांच्या व बाटल्यांच्या जाहिरातीला 1992 सालच्या कायद्याने बंदी केली आहे, तेव्हा भेट म्हणून बाटली नेण्याची चाल आपणच मोडावी. ज्या मातेला खरोखरीच दूध पाजता येत नाही, तिला मात्र दोष देऊ नये. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली, ती अशाच बालकांसाठी. ज्यांना जास्त दूध आहे अशा माता तेथे दूध देतात, आणि कोणाच्या तरी लेकराला त्याने आयुष्य लाभते.

सहा महिने सरले की आपल्याकडे उष्टावण करीत आले आहेत, आणि शास्त्रही त्याच वेळी वरचे अन्न सुरू करावयास सांगते. नागलीचे सत्त्व, मऊ भात, डाळ, अंडे हे तेव्हापासून द्यावे, व अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे चालू ठेवावे. ह्यातले काहीही जव्हार-मोखाड्याच्या मातीला परके नाही. नागली तेथेच पिकते.

आता एस. टी. च्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ आहेत, हे फार चांगले झाले. परंतु हिरकणीचे नाव दाराला लावण्याबरोबरच दार उघडे ठेवणेही आले. त्या रात्री पहारेकऱ्याने नियम पाळला, त्याचा दोष नव्हता; पण मूल भुकेले आहे म्हणून कोणी दरवाजा उघडला असता, तर त्या आईला जीव धोक्यात घालून कडा उतरावा लागला नसता. जव्हार-मोखाड्याच्या आया तो कडा दररोज उतरत आहेत. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. आता त्यांच्या पानात भाकरी पडावी आणि त्यांच्या मुलापर्यंतची वाट मोकळी व्हावी.